काउन्सेलरकडे जावं की थेरपिस्टकडे?

‘कुणाशी तरी बोलायलाच हवं’ इथपर्यंत माणूस मोठ्या मुश्किलीने येतो. मग नावं शोधायला बसतो आणि गोंधळून जातो. एकाच्या नावापुढे समुपदेशक लिहिलेलं असतं, दुसऱ्याच्या नावापुढे सायकोथेरपिस्ट, तिसरा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, चौथा मनोविकारतज्ज्ञ. आधीच झोप उडालेली, डोकं जड झालेलं, त्यात ही नवी परीक्षा. कितीतरी जण इथेच थांबतात आणि आणखी कित्येक महिने तसेच रेटतात. हे लिहितोय ते त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या वतीने नावं शोधत बसलेल्या घरच्यांसाठी.

सगळीकडे मिळणारं उत्तर साधारण असं असतं: समुपदेशन म्हणजे आत्ताच्या एखाद्या प्रश्नावर थोडे दिवस चालणारी मदत, आणि सायकोथेरपी म्हणजे मानसिक आजारावर किंवा वर्षानुवर्षं मुरलेल्या सवयींवर जास्त काळ चालणारा उपचार. हे उत्तर खोटं नाही. पण केवळ त्याच्या भरवशावर निवड केली तर फसगत होऊ शकते, कारण प्रत्यक्षात या दोन्हींची हद्द फार पुसट आहे. समुपदेशक म्हणवणारे काही जण अतिशय खोलवरचं काम करतात, आणि थेरपिस्ट म्हणवणारे काही जण आठवड्यातून एकदा मायेने ऐकून घेतात, त्यापलीकडे काही घडत नाही. म्हणून माझं सांगणं असं, की पाटी नंतर बघा. आधी आपल्या त्रासाने आपल्याला नेमकं कुठे धरलंय ते बघा, आणि मग तेवढं सोडवायला समोरचा माणूस शिकलाय का, हे त्यालाच विचारा.

हद्द पुसट का झाली

दोन्हींची सुरुवात निरनिराळ्या कामांतून झाली. व्हिएन्नातले डॉक्टर योसेफ ब्रॉयर आणि सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९५ साली हिस्टेरियावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ‘आना ओ.’ या टोपणनावाने आलेल्या रुग्ण तरुणीने आपल्या उपचाराला ‘बोलण्याचा उपचार’ म्हटलं होतं. सायकोथेरपीची ही वाट दवाखान्यातून निघाली. समुपदेशनाची वाट निघाली ती नोकरीच्या प्रश्नातून. बॉस्टनमध्ये १९०८ साली फ्रँक पार्सन्स यांनी तरुणांना व्यवसाय निवडायला मदत करणारं केंद्र सुरू केलं. स्वतःला ओळखा, कामाची खरी माहिती मिळवा आणि मग दोन्हींचा मेळ डोकं शांत ठेवून घाला, अशी त्यांची रीत होती. तिकडे आजार होता, इकडे धडधाकट माणूस आणि त्याच्यापुढचा निर्णय.

हा फरक फार काळ टिकला नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या १९४२ च्या पुस्तकाच्या नावातच काउन्सेलिंग आणि सायकोथेरपी हे दोन्ही शब्द शेजारी आले, आणि त्यांनी लिहिलं, की खोलवर जाऊन यशस्वीपणे केलेलं समुपदेशन आणि तशीच सायकोथेरपी यांत वेगळेपण दाखवता येत नाही. समोरच्याचं जग त्याच्या नजरेतून समजून घेणं, अटी न घालता त्याला स्वीकारणं आणि स्वतः सोंग न घेणं, या तीन गोष्टींवर रॉजर्स यांनी भर दिला. आज दोन्हींच्या शिक्षणात त्या पायाभूत मानल्या जातात.

कायदेही एकसारखे नाहीत. जर्मनीत १९९९ पासून लागू झालेल्या कायद्यामुळे सायकोथेरपिस्ट हे बिरुद ठरावीक शिक्षण आणि परवाना असलेल्यांनाच लावता येतं. ब्रिटनमध्ये काउन्सेलर आणि सायकोथेरपिस्ट ही दोन्ही नावं कायद्याने राखीव नाहीत. त्यामुळे एकाच शब्दामागे एका देशात अनेक वर्षांचं शिक्षण असू शकतं आणि दुसऱ्या देशात शनिवार-रविवारचा कोर्स. आपण राहतो तिथे नोंदणी कोण करतं हे बघून घ्यावं, पण नोंदणी असली म्हणजे आपल्या त्रासाचं काम येतंच असंही धरून चालू नये.

यादीतल्या बाकीच्या दोघांविषयी थोडक्यात. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय डॉक्टर असतो; तो आजाराचं निदान करतो आणि औषधं देतो. काही मनोविकारतज्ज्ञ थेरपीही करतात, पण बहुतेकांकडे तेवढा वेळ नसतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्रीय चाचण्या आणि मूल्यमापन करतो, थेरपी करतो. औषधं लिहून देण्याचा अधिकार त्याला साधारणपणे नसतो.

एकच अडचण, दोन बैठकी

फरक समजायला व्याख्यांपेक्षा एक प्रसंग बरा. समजा, एका बाईंना कामावर बढती मिळतेय. होकार कळवायला पंधरा दिवस आहेत आणि त्यांना काही सुचत नाहीये. रात्री जाग येते, दिवसा चिडचिड होते.

त्या समुपदेशकाकडे गेल्या. समुपदेशक विचारतो, “बढती घेतली तर तुमच्या दिवसात नेमकं काय बदलेल? सकाळपासून सांगा.” बाई सांगू लागतात आणि सांगता सांगता त्यांच्याच लक्षात येतं, की नव्या जागेचे कामाचे तास त्यांना माहीतच नाहीत. फिरती किती, सुट्टीच्या दिवशी फोन घ्यावा लागेल का, यातलं काहीच त्यांनी विचारलेलं नाही. मग साहेबांना काय काय विचारायचं ते दोघं मिळून ठरवतात. बाईंना विचारायचा संकोच वाटतो, तर समुपदेशक काही वेळ साहेब होतो आणि त्या संभाषणाची तालीम होते. पुढच्या खेपेला बाई उत्तरं घेऊन येतात. दोन-तीन बैठकींत निर्णय होतो, झोप परत येते, आणि काम संपतं. हे उत्तम समुपदेशन झालं. इथे कुणी बालपण खणायला बसलं असतं तर ते चूक ठरलं असतं.

आता त्याच बाई दुसऱ्या खोलीत बसल्यात अशी कल्पना करा. त्या म्हणतात, “खरं सांगायचं तर माझं दर वेळी असंच होतं. शाळेत वक्तृत्वासाठी निवड झाली तेव्हा मी आजारी पडले. मागच्या नोकरीत चांगली संधी आली तेव्हा मी राजीनामाच दिला.” थेरपिस्ट बढतीचा विषय बाजूला ठेवतो. “तुमचं नाव जाहीर होतं, त्या क्षणी मनात पहिलं काय येतं?” “आता सगळ्यांना कळेल.” “काय कळेल?” बराच वेळ बाई बोलत नाहीत. मग म्हणतात, “की मला काही येत नाही.”

इथून पुढचं काम वेगळं आहे. साहेबांना विचारायच्या प्रश्नांची यादी इथे उपयोगाची नाही, कारण अडसर माहितीचा नाहीच. ‘मला काही येत नाही, आणि ते लोकांना कळेल’ हे वाक्य या बाई कित्येक वर्षं खरं धरून चालल्यात, आणि आयुष्यातले मोठे निर्णय त्या वाक्याने घेतलेत. ते वाक्य आलं कुठून, कोणत्या प्रसंगी डोकं वर काढतं, त्याच्या बाजूने आणि विरुद्ध पुरावा काय, आणि तसं वाटत असतानाही पुढे पाऊल टाकून बघितलं तर काय होतं, हे तपासायला महिने लागू शकतात.

दोन्ही खोल्यांत बाई त्याच, बढतीही तीच. म्हणूनच आधी स्वतःला विचारायचा प्रश्न हा: हे पहिल्यांदा होतंय की पुन्हा होतंय? माणसं बदलली, गाव बदललं, नोकरी बदलली तरी गोष्ट तिथेच येऊन थांबत असेल, तर थेरपीचा विचार करावा.

दुसरा प्रश्न पसाऱ्याचा. त्रास आयुष्याच्या एका कोपऱ्यात आहे, की त्याने झोप, भूक, काम, नाती असं सगळंच व्यापलंय? परीक्षेची धास्ती आहे पण मित्रांत गेलं की हसू येतं, ही एक गोष्ट झाली. दोन-दोन आठवडे कशातच रस वाटत नाही, अंघोळीलाही उठवत नाही, ही दुसरी. नैराश्याचा अंदाज घ्यायला जगभर वापरली जाणारी पीएचक्यू-९ नावाची छोटी प्रश्नावली आहे. ती २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा त्याहून जास्त आली तर तज्ज्ञाकडून नीट तपासून घ्यावं, असा सर्वसाधारण संकेत आहे. ही प्रश्नावली निदान करत नाही, पण ‘मी उगाच बाऊ करतोय का?’ या शंकेत अडकलेल्या माणसाला तिचा फार आधार होतो. तिचा नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दलचा आहे. त्याचं उत्तर शून्याच्या वर गेलं तर बेरीज कितीही असो, कुणाशी तरी लगेच बोलावं.

थकवा, वजनातले बदल, छातीत धडधड, कशातच मन न लागणं, हे थायरॉइडच्या बिघाडानेही होतं, रक्तक्षयानेही होतं आणि काही औषधांमुळेही होतं. त्रास नवा असेल तर आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडून एकदा तपासणी करून घ्यावी.

जिथे नुसतं ऐकून भागत नाही

पाटीकडे दुर्लक्ष करा म्हटलं, तरी काही त्रास असे आहेत जिथे ठरावीक पद्धतच लागते. तिथे चांगुलपणा पुरत नाही. कधी कधी तो त्रास वाढवतोसुद्धा. मला ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून ती सविस्तर सांगतो.

मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, घ्या. एका माणसाला घराबाहेर पडल्यावर शंका येते: गॅस बंद केलाय ना? तो परत जाऊन बघतो. बरं वाटतं. जिना उतरतो तोवर शंका पुन्हा हजर. हळूहळू निघायला तास लागू लागतो. मग तो बायकोला फोन करून विचारतो, ती म्हणते “हो, बंद आहे.” थोडा वेळ सुटका होते. आता हा माणूस एखाद्या प्रेमळ समुपदेशकाकडे गेला आणि त्यांनीही दर आठवड्याला धीर दिला, “तुम्ही किती काळजी घेणारे आहात, असं काही होणार नाही,” तर ऐकताना त्याला फार बरं वाटेल. पण हा धीर बायकोच्या फोनसारखंच काम करेल. शंका आली की खात्री करून घ्यायची, हे चक्र आणखी घट्ट होईल. वर्षभर जाऊनही त्रास तिथेच राहील, आणि माणूस म्हणेल, “थेरपी करून बघितली, मला लागू पडत नाही.”

यावरची पद्धत इंग्लंडमध्ये व्हिक्टर मायर यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या कामातून वाढली. तिला ईआरपी म्हणतात. यात जिची भीती वाटते त्या गोष्टीला जाणूनबुजून सामोरं जायचं आणि मग खात्री करून घेण्याची कृती करायची नाही. थेरपिस्ट आणि तो माणूस मिळून भीतीची उतरंड लावतात: एकदाच बघून बाहेर पडणं सोपं, न बघता पडणं अवघड, न बघता दिवसभर बाहेर राहणं आणि बायकोलाही न विचारणं त्याहून अवघड. खालच्या पायरीपासून सुरुवात होते. ती जमली की पुढच्या पायरीवर तो गॅसकडे न बघता कुलूप लावतो आणि जिन्यात थांबतो. थेरपिस्ट विचारतो, “भीती शंभरातली किती?” “नव्वद.” दोघं थांबतात. कुणीही “काही होणार नाही” म्हणत नाही. “आता?” “अजून ऐंशी.” काही दिवशी आकडा भरभर उतरतो, काही दिवशी फारसा हलत नाही, तरीही तो माणूस जिना चढून परत घरात जात नाही. आत जाऊन न बघताही ही अस्वस्थता सोसता येते, हे त्याला तिथे जिन्यात उभं राहून कळतं. मग हे घरी रोज करायचं. बायकोलाही सांगितलं जातं, की त्याने विचारलं तर प्रेमाने, पण उत्तर देऊ नका.

बाहेरून बघणाऱ्याला हे निष्ठुर वाटेल. प्रत्यक्षात यासाठी फार विश्वास लागतो, आणि तो आधी कमवावा लागतो. ओसीडीसाठी कुणाला शोधत असाल तर फोनवर एकच प्रश्न विचारा: “तुम्ही ईआरपी करता का?” उत्तर गुळमुळीत आलं तर पुढचा नंबर लावा.

पॅनिक अटॅकचंही थोडंफार असंच. त्यासाठीच्या सीबीटीमध्ये, म्हणजे विचार आणि वागणूक या दोन्हींवर काम करणाऱ्या थेरपीमध्ये, कधी कधी खोलीतच जोराने श्वास घ्यायला लावून किंवा जागच्या जागी धावायला लावून धडधड मुद्दाम आणली जाते, म्हणजे धडधड म्हणजे हार्ट अटॅक हे समीकरण सुटतं. मोठ्या आघातानंतर दीर्घकाळ राहणाऱ्या पीटीएसडीसाठी, खाण्याशी निगडित विकारांसाठी, स्वतःला इजा करण्याच्या तीव्र ओढीसाठीही खास पद्धती आहेत आणि त्यांचं वेगळं शिक्षण असतं. अशा त्रासात माणूस निवडताना ‘या त्रासाचं काम तुम्ही कसं करता?’ हे विचारणं सोडू नये.

नैराश्याचं चित्र मात्र वेगळं आहे. इंग्लंडमध्ये शेफील्ड इथे पाचशेहून जास्त लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रॉजर्स यांच्या परंपरेतली, माणसाच्या अनुभवाला धरून चालणारी पद्धत आणि सीबीटी यांची तुलना केली गेली. सहा महिन्यांनी दोन्हींचा परिणाम जवळपास सारखा होता. वर्षाअखेरीस सीबीटी थोडी पुढे राहिली. म्हणजे मध्यम नैराश्य असलेल्या माणसाने समुपदेशनाच्या वळणाची मदत घेतली तर तो काही कमअस्सल उपचार ठरत नाही. त्याला कोणती पद्धत मानवते, याला इथे वजन आहे. काहींना घरचा अभ्यास हवा असतो: वहीत रकाने आखून प्रसंग, त्या वेळचा विचार, भावना किती तीव्र, विचाराचा पुरावा असं रोज लिहिणं त्यांना आवडतं. काहींना तो कागद बघूनच घुसमटायला होतं. त्यांना आधी कुणीतरी पूर्ण ऐकून घ्यायला हवं असतं.

हलकी मदत कमी दर्जाची नसते, याचं आणखी एक उदाहरण. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये ‘प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस’ नावाची पद्धत प्रसिद्ध केली. ९० मिनिटांच्या पाच बैठकी, आणि त्या घेणारे मानसशास्त्राची पदवी नसलेले, पण नीट प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेले साधे कार्यकर्ते. प्रश्न सोडवण्याची रीत, ताण हाताळण्याचे व्यायाम, सोडून दिलेल्या गोष्टी हळूहळू पुन्हा सुरू करणं आणि आधाराची माणसं जोडणं, एवढंच त्यात आहे. संकटाने गांजलेल्या लोकवस्त्यांत तिचे चांगले परिणाम दिसले आहेत.

दोन्ही नको असतात तेव्हा

जवळचं माणूस गेल्यावर रडू येणं, जेवण न जाणं, कामात चुका होणं याला उपचार लागतोच असं नाही. बहुतेक माणसं आपल्या माणसांच्या सोबतीने या दुःखातून वाट काढतात. बोलावंसं वाटलं तर समुपदेशकाशी जरूर बोलावं, पण ‘अजून थेरपी का सुरू केली नाहीस?’ असा धोशा कुणी लावू नये. दुःख कमी न होता माणसाला जागीच जखडून ठेवत असेल, तर गोष्ट वेगळी. अशा लांबलेल्या शोकाला आता आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात स्वतंत्र जागा आहे. त्यात किमान सहा महिन्यांचा काळ धरला आहे, आणि आपल्या समाजातल्या रीतीच्या मानाने शोक फार लांबलाय का हेही बघायला सांगितलं आहे.

अपघात, आग, हल्ला अशा प्रसंगातून गेलेल्या माणसाला दुसऱ्याच दिवशी बसवून ‘सगळं सविस्तर सांग, मोकळा हो’ म्हणणं फार सद्भावनेने केलं जातं. एका बैठकीतल्या अशा डीब्रीफिंगवरच्या अभ्यासांचा आढावा घेतल्यावर त्याने पुढचा पीटीएसडी टळत नाही, असं दिसलं; काही अभ्यासांत तर त्रास वाढल्याचं आढळलं. आता शिफारस वेगळी आहे: सुरक्षित जागा, पाणी, झोप, घरच्यांशी संपर्क, आणि तो स्वतःहून बोलला तर ऐकणं. आठवणी आणि भीती महिन्यानंतरही पाठ सोडत नसतील तर मग आघातावरची थेरपी.

आणि काही वेळा थेट मनोविकारतज्ज्ञच हवा. इतरांना ऐकू न येणारे आवाज ऐकू येणं, कुणीतरी कट करतंय अशी पक्की खात्री होणं, दिवसेंदिवस झोप न लागूनही अफाट उत्साह आणि बेफाम खर्च, अन्नपाणी सुटणं, किंवा जीव देण्याची योजना मनात तयार असणं, यांत समुपदेशकाच्या पहिल्या तारखेची वाट बघू नये. जिवाला धोका असेल तर तुमच्या भागातल्या आणीबाणीच्या सेवेला फोन करा, जवळच्या रुग्णालयात जा, त्या माणसाला एकटं सोडू नका. औषधांनी पाया जरा स्थिर झाला की बोलण्याच्या उपचाराचा उपयोग पुष्कळ वाढतो. तीव्र नैराश्यात औषध आणि थेरपी एकत्र चालवणं हे बहुधा कोणत्याही एकाहून चांगलं ठरतं.

पहिल्या फोनवर काय विचारावं

लोकांना वाटतं, तज्ज्ञाला असं विचारणं उद्धटपणाचं होईल. मुळीच नाही. चांगल्या तज्ज्ञाला हे प्रश्न आवडतात. आपला त्रास दोन वाक्यांत सांगावा आणि मग विचारावं: असा त्रास असलेल्यांबरोबर तुम्ही काम केलंय का? कोणत्या पद्धतीने करता, मला कळेल असं सांगाल? शिक्षण कुठे झालं, नोंदणी कुठे आहे? तुमच्या कामावर कुणा अनुभवी माणसाची देखरेख असते का? या शेवटच्या प्रश्नाचा लोकांना पत्ताच नसतो. अनुभवी थेरपिस्टही आपल्या अवघड केसेस नाव न सांगता वरिष्ठांपुढे मांडतात, आणि ही चांगली खूण आहे. फी, रद्द केलेल्या भेटीचे पैसे, आणि गुप्ततेला अपवाद कोणते, हेही सुरुवातीलाच बोलून घ्यावं. जिवाला धोका किंवा लहान मुलावर होणारा अत्याचार अशा प्रसंगी बऱ्याच ठिकाणी गुप्तता मोडावी लागते.

कुणी शंभर टक्के बरं करण्याची हमी दिली, औषधं परस्पर बंद करायला सांगितली, पहिल्याच भेटीत स्वतःचंच आयुष्य सांगत बसला, किंवा बाहेर भेटायची गोष्ट काढली, तर तिथे परत जाऊ नये. थेरपिस्टने रुग्णाशी प्रेमसंबंध किंवा शरीरसंबंध ठेवणं हा व्यवसायातला गंभीर गुन्हा मानला जातो. तिथे तक्रार करावी.

सूर जुळणं याला लोक दुय्यम समजतात, तसं ते नाही. एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ मध्ये थेरपीतल्या नात्याचे तीन धागे सांगितले: कुठे जायचंय यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि दोघांमधला जिव्हाळा. हे नातं जितकं घट्ट, तितका परिणाम चांगला, असं पुढच्या कित्येक अभ्यासांत आणि निरनिराळ्या पद्धतींत दिसलंय. नुसता जिव्हाळा म्हणजे हे नातं नव्हे, हेही इथे लक्षात घ्यावं. थेरपिस्ट फार आवडतो, पण आपण नक्की कशासाठी जातोय ते चार भेटींनंतरही सांगता येत नसेल, तर तिनातले दोन धागे सुटलेत.

किती दिवस, आणि कधी बदलावं

केनेथ हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये पूर्वीच्या अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा साधारण आठ बैठकींपर्यंत निम्म्या रुग्णांत मोजता येईल अशी सुधारणा होती आणि २६ बैठकींपर्यंत सुमारे ७५ टक्क्यांत. यातून दोन गोष्टी घ्याव्यात. दुसऱ्या भेटीनंतर ‘काही फरक नाही’ म्हणून सोडणं घाईचं आहे. आणि आठ-दहा भेटींनंतरही कुठेच काही हललं नसेल, तर गप्प बसून चालवत राहणंही बरोबर नाही. लहानपणापासूनच्या आघातात किंवा नात्यांच्या खोल गुंत्यात वर्ष-दोन वर्षंही लागतात, पण तिथेही वाटेत काहीतरी बदलताना जाणवायला हवं: भांडण झाल्यावर सावरायला आठवड्याऐवजी दोन दिवस लागणं, ‘नाही’ म्हणता येणं, असं काही.

अवघड विषय निघाल्यावर एखाद-दुसरा आठवडा जड जाणं साहजिक आहे. पण थेरपीत जाऊनही शंभरातले साधारण पाच ते दहा जण आधीपेक्षा वाईट अवस्थेत पोहोचतात, असं संशोधक सांगत आले आहेत. ही शक्यता लपवू नये असं मला वाटतं, कारण अशा वेळी माणूस स्वतःलाच दोष देत राहतो. काही आठवडे सलग खाली घसरत असाल तर ते खोलीत बोला. “मागच्या महिन्यात मला जास्त त्रास झालाय, आणि आपण पुढे जातोय असं मला वाटत नाही,” एवढं वाक्य पुरे. जाणता तज्ज्ञ यावर रागावत नाही. तो पद्धत बदलतो, किंवा सरळ सांगतो, की यासाठी अमुक प्रकारची थेरपी लागेल आणि ती मी करत नाही. समुपदेशनाने सुरुवात करून पुढे थेरपीकडे जाणं, किंवा लांबलेल्या थेरपीनंतर एखाद्या निर्णयापुरतं समुपदेशकाकडे जाणं, दोन्ही सर्रास होतं. पहिली निवड आयुष्यभराची नसते. बदलायचं ठरलं तर न सांगता भेटी बंद करण्यापेक्षा एक शेवटची भेट घ्यावी आणि आत्तापर्यंत काय काम झालं, काय उपयोगी पडलं, काय पडलं नाही, याची अर्ध्या पानाची टिपण मागून घ्यावी. ती नव्या माणसाच्या हातात दिली, की सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगत बसावं लागत नाही.